अब्बांचे रविवारचे पाहुणे

आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. किल्ला आहे तो पलीकडच्या खोऱ्यात. लेणी त्याच्याही पलीकडे. आमच्याकडे पत्र्याच्या छपराचं गावदेवीचं देऊळ आणि डोंगराच्या सोंडेवर पिराचा दर्गा. जत्रा आणि उरूस सोडला तर दोन्हीकडे शेळ्याच बसलेल्या असतात. चाकणहून जीपनं दीड तास लागतो, त्यातला अर्धा तास चाकणच्या चौकातच जातो. चाळीसेक घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलूप. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी चौथीत होते. मग वर, डोंगराच्या कडेला, सगळ्यांनी पुन्हा घरं बांधली. त्याला तीस वर्षं होऊन गेली तरी आम्ही त्याला अजून ‘नवं गाव’च म्हणतो. अशा गावात पर्यटक आणायचे, ही अक्कल माझी.

मी राहते शहरात, काळेवाडीत. नवऱ्याचं दुचाकींचं गॅरेज आणि त्याला लागून माझं फॉल-पिकोचं दुकान. गावी माझे अब्बा, भावजय आणि तिची नऊ वर्षांची मुलगी. भाऊ माझ्याहून बराच लहान, नव्या गावात जन्मलेला. तो चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे. चौघा कामगारांत मिळून एक खोली, आणि सुट्टीला गावी. आमचं घर मुलाण्याचं. देवीच्या जत्रेतला बकरा कापायचा मान पिढ्यानपिढ्या आमच्याकडे, आणि गावानं तो अजूनही अब्बांकडेच ठेवलाय. घरात आम्ही मराठीच बोलतो. दख्खनी फक्त भांडताना.

गेल्या दिवाळीत कंपनी बंद होती म्हणून आम्ही सगळे गावी जमलो होतो. जेवता जेवता भाऊ म्हणाला, “पोरगी यंदा चौथी संपवतीय. गावात फुडं शाळा न्हाई. जूनपासनं चाकणला येगळी खोली घेतो आन सगळ्यांना नेतो. घराला कुलूप.”

“आणि अब्बा?” मी विचारलं.

“अब्बाबी. एकटं हितं काय करणार?”

अब्बा हात धुऊन उठले आणि शेळ्यांकडे गेले. चाकणच्या त्या खोल्या मी पाहिलेल्या आहेत. तिसरा मजला, एक खिडकी, खिडकीसमोर कंपनीची भिंत, खाली चोवीस तास कंटेनर. बाहेर पडलं की चार गल्ल्या अगदी एकसारख्या. मी स्वतः तिथं दोनदा चुकलेय. ज्या माणसानं आयुष्यात कधी दिवसा दाराला कडी लावली नाही, तो पंचाहत्तराव्या वर्षी त्या खोलीत काय करणार? भिंतीकडे बघत बसेल आणि वर्षभरात संपेल, हे मला लख्ख दिसत होतं. भाऊ वाईट नाही. मुलीचं पहिलं पाऊल ज्यानं फोनवर पाहिलं, त्याला वाईट कुठल्या तोंडानं म्हणू? पण अब्बांच्या नावानं माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर भावजयीनं विषय काढला. “आपा, खालच्या मोठ्या गावात दहावीपत्तूर शाळा हाय. जीप जाती. पोरीच्या जीपचं आन वरखर्चाचं मी माझं भागवलं, तर ते कुलूप लावायचं न्हाईत. तसं बोललेत मला. जूनपत्तूर मुदत हाय.”

भागवायचं कसं, ते तिला माहीत नव्हतं. मला मात्र तिथल्या तिथं सुचलं. तलावाकाठी तंबूत झोपायला माणसं पैसे देतात, हे मी काळेवाडीत रोज ऐकत होते. आपल्याकडे अख्खं धरण आहे, डोंगर आहे, आणि भावजयीच्या हाताला अशी चव आहे की जत्रेत तिच्या कालवणाला लोक रांग लावतात.

“पण दाखवायचं काय गं?” मी तिलाच विचारलं.

“काय हाय आपल्याकडं? डोंगर हाय, पानी हाय, आन रेंज न्हाई.”

मी जाहिरातीत रेंजचं तेवढं सोडून बाकी सगळं घातलं. पिवळ्या कागदावर पत्रकं छापून घेतली. ‘धरणाकाठी एक दिवस. चुलीवरचं जेवण, डोंगर, पिराचा दर्गा, शांतता. दर गुरुवारी.’ नवऱ्यानं दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डिकीत एकेक टाकलं. मी साड्यांच्या पिशव्यांतून घातलं. भावाला हे सगळं पोरकट वाटत होतं, तरी त्यानं चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर चिकटवलं.

गुरुवारच का, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आमच्याही मनात आलं नाही. आमच्या इकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. गॅरेज बंद गुरुवारी, वीज जाणार गुरुवारी, भाऊ गावी गुरुवारी, जीपवाला मोकळा गुरुवारी. मुलगी बघायला जायचं गुरुवारी आणि घराला रंग द्यायचा तोही गुरुवारी. पिराचा वारही गुरुवारच. रविवार म्हणजे आमच्या लेखी शाळा नसलेला कामाचा दिवस.

पहिल्या गुरुवारी भावजयीनं बारा माणसांचं केलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी सहा माणसांचं. त्यानंतर ती नुसतं वाटण तयार ठेवायची आणि रस्त्याकडे डोळे लावून बसायची. वळणावर धूळ उडाली की सगळे दारात. एकदा गाडी खरंच थांबली, तर विजेचे मीटर वाचणारा माणूस निघाला. त्यालाच आग्रह करकरून जेवायला घातलं.

इकडे मी काळेवाडीत दर तासाला फोन लावायची. रेंज नसल्यामुळे तो लागायचा नाही, आणि लागला नाही की मला वाटायचं, पाहुणे आले असतील, गडबडीत असतील. संध्याकाळी भाऊ टेकडीवर चढून फोन करायचा.

“न्हाई आलं कोण.”

“एकपण नाही?”

“आपा, कोणच न्हाई म्हंजे कोणच न्हाई. आता बास कर.”

असे दहा-बारा गुरुवार गेले. मी दुकानात चुकीच्या साडीला चुकीचा फॉल लावायला लागले. जानेवारी संपत आला आणि भावानं चाकणला खोल्या बघायला सुरुवात केली, हे मला भावजयीकडून कळलं. त्यानं स्वतः सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी मारुंजीला भाड्यानं राहणारी एक मुलगी बंद पडलेली स्कूटी ढकलत गॅरेजात आली. आयटीतली, पाठीला लॅपटॉपची बॅग. गाडी होईपर्यंत माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसली आणि टेबलावरचं पिवळं पत्रक वाचू लागली.

“काकू, हे छान आहे. पण गुरुवारी कोण येणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे आम्हाला सुट्टी शनिवार-रविवार असते ना.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो हातात पाना धरून माझ्याकडे बघत उभा. गुरुवारी ज्यांना सुट्टी, ती माणसं आमच्यासारखीच. ती सुट्टीला आपापल्या गावी जातात, दुसऱ्याचं गाव बघायला पैसे देऊन कशाला जातील? आणि ज्यांना जायचंय त्यांची सुट्टी आमच्या आठवड्यात नव्हतीच. अख्खं घर शहाण्यांचं, पण तीन महिन्यांत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. मी पेन घेऊन तिच्यासमोरच उरलेल्या पत्रकांवरचा गुरुवार खोडायला बसले.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या ऑफिसातले अकराजण, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. फोन ठेवल्यावर आनंद होण्याऐवजी मला काळजी लागली. आमचं घर मुसलमानाचं, हे त्यांना सांगायचं राहिलं होतं. गावात हा प्रश्न नाही, पण ही परकी माणसं, कुठून कुठून आलेली. दारात येऊन परत फिरली तर अब्बांच्या तोंडाकडे कुणी बघायचं? आधी सांगावं तर येणारच नाहीत, नंतर सांगावं तर फसवलं म्हणतील. रात्रभर हेच. सकाळी मी तिला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, “अय्या, मग बिर्याणी मिळेल?”

आमच्याकडे लग्नातसुद्धा बिर्याणीला बाहेरून आचारी बोलवावा लागतो. मी तिला म्हणाले, “बाई गं, भाकरी मिळेल.”

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते खोटं नाही. पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं काम भावाचं ठरलं होतं, पण रविवारी त्याची दिवसपाळी. त्यानं रजा मागितली, तर कंत्राटदार म्हणाला, “घे की रजा. मंग सोमवारीबी येऊ नको.” रविवारी गॅरेजात गर्दी, त्यामुळे नवराही येऊ शकत नव्हता. गावातले बाकीचे बाप्ये सगळे शिफ्टला. राहिलो आम्ही दोघी बायका. दोघींनी चूल धरली तर वाट कोण दाखवणार?

“मी नेतो,” अब्बा म्हणाले. “ह्या डोंगराला मी किती येळा चढलोय त्याची मोजदाद न्हाई.”

मी शनिवारी दुपारीच गावी पोचले. अब्बा ओसरीवर बसले होते. मला बघून त्यांनी विचारलं, “नदीला उतार हुता का गं?”

मला हसू आलं. पायी ओलांडायची ती नदी तर केव्हाच धरणाच्या पोटात गेली. अब्बांना थट्टा करायची खोड आहे, माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी काझीची थट्टा केली होती. मी म्हणाले, “हो, पोहत आले.” भावजयीनं लगेच आतून हाक मारली, “अब्बा, च्या निवतोय.” मी तेव्हा त्यात काही बघितलं नाही. माझं लक्ष संडासाच्या कडीकडे होतं. कडी आतून लागत नव्हती. शेजारचं कुत्रं अनोळखी माणसाला धरायचं. पिण्याचं पाणी बाटलीतलं द्यायचं की उकळून? अकरा ताटं एकसारखी नव्हती. मी बाईंडिंग वायरनं कडी दुरुस्त केली, कुत्रं बांधायला लावलं, चार घरं फिरून ताटं जमवली, आणि तरी काहीतरी मोठं विसरतेय असं वाटत राहिलं.

रविवारी दहाला येणारी माणसं साडेबाराला आली. चाकणच्या चौकानं त्यांचा दीड तास खाल्ला होता. तोवर माझं तीनदा रडून झालं होतं. पण आली. चपला काढून ओसरीवर बसली. अब्बांनी पांढरा लेंगा, सदरा आणि ठेवणीतली टोपी घातली होती. ते एकेकाला गाव विचारत होते. कुणी परभणीचं, कुणी सांगलीचं, एकजण पार कानपूरचा. “लांबनं आलात. बसा. दमला असाल,” असं ते प्रत्येकाला म्हणाले. सकाळी कोंबड्या त्यांनीच कापल्या होत्या. भावजयीच्या कालवणावर माणसं अशी तुटून पडली की मला दोनदा पीठ मळावं लागलं. कानपूरचा मुलगा भाकरी कशी थापतात ते बघायला चुलीपाशी येऊन बसला. मला पहिल्यांदा वाटलं, होईल. हे होईल.

चार वाजता अब्बा काठी घेऊन उठले आणि पाहुणे त्यांच्यामागे निघाले. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन सगळ्यांच्या शेवटी. गावाबाहेर वाट दोन बाजूंना फुटते. उजवी वर पिराकडे जाते, डावी खाली धरणाकडे. अब्बा डावीकडे वळले. मला वाटलं, आधी पाणी दाखवून मग वर नेणार असतील. ऊन होतं, तसं केलेलं बरंच, असंही वाटलं.

काठाशी मोकळी, चिखल वाळून भेगाळलेली जमीन आहे. अब्बांनी तिथं काठी टेकली. “ही चावडी. हितं म्हातारी मानसं बसल्याली असत्यात, त्यांना सलाम घालायचा आन मंगच फुडं जायचं.” पाहुणे हसले, मग गप्प झाले, कारण अब्बांनी खरंच कपाळाला हात लावला होता. “ह्यो पाटलाचा उंबरा. ह्या बोळातनं सांबाळून या, दगूड सुटल्यात.” सपाट जमिनीवर ते अंग चोरून चालत होते, आणि अकरा माणसं त्यांच्यामागे तशीच एका ओळीत. कुणीतरी फोन काढला. माझ्या मनात आलं, अब्बा किती छान सांगतायत, आणि हे आपल्याला आधी का सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला पुढच्या सगळ्या रविवारांचं चित्र दिसत होतं.

पाण्याच्या कडेला ते थांबले. “आन हे आमचं घर. दार बुटकं हाय, वाकून या.” त्यांनी चपला काढून बाजूला नीट लावल्या. “थांबा वाईच. आत सांगतो, च्या टाकायला.”

आणि ते पाण्यात चालू लागले.

“काय भारी!” माझ्या शेजारची मुलगी पुटपुटली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं, आणि अब्बांची चाल काही थांबेना. तेव्हा मला कळलं. मी बाटल्या टाकल्या आणि धावले. धरणाचा तळ तिथं एकदम उतरतो, हे आमच्या गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर चढलं होतं तेव्हा त्यांचा दंड माझ्या हातात आला.

“सोड गं,” ते हळू आवाजात म्हणाले. “दारात मानसं हुबी हायत.”

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पाहुणे खोळंबलेत याचा संकोच होता फक्त. मी सोडलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “लेंगा भिजला,” ते म्हणाले आणि माझ्याबरोबर मुकाट्यानं बाहेर आले.

पिराकडे मग मी नेलं. काय दाखवलं, काय बोलले, मला आठवत नाही. निघताना त्या स्कूटीवाल्या मुलीनं मला मिठी मारली. “काकू, काकांसारखं कुणीच सांगत नाही. अंगावर काटा आला.” मी मान हलवली. गाड्या वळणाआड गेल्या आणि मी मागच्या दारी गेले. भावजय भांडी घासत होती. मी तिच्यासमोर बसकण मारली.

“कधीपासून?” मी विचारलं.

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही. “पावसाळ्यापासनं. रोज न्हाई. चांगलं असत्यात, तवा अगदी चांगलं असत्यात. एखाद्या टायमाला दुपारचं उठत्यात आन निगत्यात. मी मागनं जाते.”

“आणि मला सांगितलं नाहीस? त्यालाही नाही?”

“सांगितलं असतं तर त्याच दिशी कुलूप लागलं असतं, आपा.”

मला तिचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त. दिवाळीपासून मी अब्बांना वाचवायला धावत होते, आणि एकदाही त्यांच्याशेजारी अर्धा दिवस शांत बसले नव्हते. पत्रकं, ताटं, कड्या. नदीला उतार होता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कडीला वायर गुंडाळायच्या विचारात होते.

सोमवारी दुकान उघडते तोच त्या मुलीचा फोन. ग्रुपवर फोटो टाकलेत, सगळे विचारतायत, पुढच्या रविवारी चौदाजण नक्की. “काकू, काका ते घराचं पुन्हा करतील ना? ते बुडालेल्या दाराचं?” मी म्हणाले, “बघू.” काका ते करत नव्हते, काका घरी चालले होते, हे मला तिला सांगता आलं नाही. मी ते तिला आजवर सांगितलेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते. चौदा माणसं माझ्या बापाचं विसरणं बघायला येणार होती, आणि त्याच्यावरच घर उघडं राहणार होतं. दिवसभर मी मशिनवर बसले आणि एकही साडी पुरी केली नाही.

गुरुवारी मी गावी गेले. भाऊ माझ्याआधीच येऊन बसला होता आणि इतक्या खुशीत मी त्याला किती वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबरच्या एका पोराच्या फोनवर ते फोटो फिरून आले होते. “आपा, मानलं तुला. चाकणच्या खोलीला नको म्हणून सांगतो आजच. अब्बांनी तर कमालच केली, राव! मला वाटलं नव्हतं त्यांना जमंल.”

अब्बा बाहेर शेळीचा पाय बघत होते. भावजय चुलीपाशी. तिनं माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं तिनं डोळ्यांनी सांगितलं, आणि मी गप्प राहायला हवं होतं असं अजूनही कधी कधी वाटतं. पण पुढच्या रविवारी अब्बांचा हात धरायला मी पोचले नाही तर? जीप चुकली तर? मी भावाला सगळं सांगितलं. चावडी, बोळ, चपला, पाणी कुठवर आलं होतं ते. पावसाळ्यापासूनचं सांगितलं.

तो बायकोकडे वळला. “म्हंजे सा-सात म्हयनं तू मला फसवलंस.”

“व्हय.”

“मंग तर चाकणलाच न्यायला पायजे. तितं दवाखाना हाय. मी हाय.”

“दवाखान्याला मी बी नको म्हनत न्हाई. पर तुमी बारा तास कंपनीत,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, भाकरी उलटली. “हितं हरवलं तर धरणावर सापडत्यात. पंदरा मिनटात मी पोचते. गावात कुनीबी हाताला धरून आनून सोडतंय. तिकडं हरवलं तर मी कुठं हुडकू? त्या कंटेनरमदी?”

भाऊ उठून दारात गेला. मला वाटलं, आता हा कुलूप लावणार. तो अब्बांकडे बघत उभा राहिला. अब्बा शेळीला काहीतरी समजावत होते, अगदी नेहमीसारखे.

“रविवारी किती जण हायत?” त्यानं मागं न बघता विचारलं.

“चौदा,” मी म्हणाले.

“मी रजा टाकतो.”

“अरे, पण कंत्राटदार...”

“टाकतो म्हनलं ना. अब्बांचा हात मी धरतो.” मग हळूच, “आपा, तू त्या घरात वाढलीस. मी ते कदी बघितलंच न्हाई. मला त्यांनी कदी सांगितलंबी न्हाई. त्या पोरांना दाखवलं, तर मलाबी बघू दे.”